साडू ज्या क्लबात झोपले

माझे साडू न्यूयॉर्कच्या ज्या जॅझ क्लबात झोपले, त्या क्लबाच्या जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत. मी तिथे गेलेलो नाही. पण त्या क्लबात वाजलेल्या एका मैफलीची तबकडी निघाली होती, तिच्या कव्हरवर जिन्याचा फोटो होता, आणि अकरावीत असताना मी त्या पायऱ्या पेन्सिलीचं टोक टेकवत मोजल्या होत्या. साडूंनी त्या बुटांनी मोजल्या. म्हणजे मोजल्याही नसतील. उतरले, बसले आणि झोपले.

"काय करणार राव, दिवसभर मीटिंगा झालेल्या," त्यांनी स्वतःच सांगितलं. "अर्धा तास छान गेला, मग डोळा लागला. खुर्च्या फार लहान हो तिथल्या."

खुर्च्या लहान आहेत ही बातमी मला नवी होती. तीस-पस्तीस वर्षं मी त्या क्लबाचा अभ्यास करतोय आणि खुर्च्या मला माहीत नव्हत्या. त्या रात्री जेवताना माझं लक्ष नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी ग्वाल्हेरच्या. एक अमेरिकेत पडली, एक झाशीत. 'पडली' हा शब्द माझ्या सासूबाईंचा, आणि दोघींसाठी तो त्या वेगवेगळ्या सुरात म्हणतात. साडू माणूस सज्जन आहेत, हीच खरी अडचण. बढाई मारत नाहीत, माझ्यासाठी दर वेळी काहीतरी घेऊन येतात, आमच्या नळाला पाणी नसलं तर बादलीने अंघोळ करतात आणि वर छान वाटलं म्हणतात. अशा माणसाचा हेवा करायचा तर सगळं काम आपल्यालाच करावं लागतं. समोरून काही मदत मिळत नाही.

मला जॅझ कसं लागलं ते सांगायला हवं, कारण झाशीतल्या मराठी माणसाला ते आपोआप लागत नाही. वडील रेल्वेत क्लार्क होते. त्यांचे एक स्नेही, मेल गाडीचे ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन. त्यांना मी अंकल म्हणत असे. रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या बंगल्यात तबकड्यांनी भरलेलं एक फडताळ होतं. तरुणपणी ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शनिवारी नाच असे तेव्हा क्लॅरिनेट वाजवायचे. आता त्या हॉलमध्ये लग्नं लागतात. मी प्रत्यक्ष पाहिलेला जॅझ क्लब एवढा एकच, आणि तोही वीस वर्षं उशिरा, आलू टिक्कीच्या स्टॉलशेजारी उभं राहून.

निवृत्तीनंतर अंकल मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले. सामान बांधून झालं होतं. मी फार हळहळलो असेन, कारण ते म्हणाले, "बेटा, कल दोपहर आ जा. जो टेप करना है, कर ले." मी वडिलांचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. मे महिना होता. त्या खोलीत प्लग एकच, त्यात रेकॉर्ड प्लेयर लावलेला, म्हणून माझा टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. सेलची तयारी मी आदल्या दिवशीच केली होती. आमच्या घरी संपलेला सेल फेकत नसत. गच्चीत उन्हात ठेवत, की त्यात परत थोडा जीव येई. आईच्या कुरडयांशेजारी मी चार सेल ओळीने वाळत घातले होते. झाशीच्या उन्हाने कुरडया तर तीन तासांत कडकडीत होतात, तेव्हा सेलही झालेच असणार असा माझा हिशेब.

"टेप ठीक चल रहा है?" अंकलनी मधे विचारलं.

"फर्स्ट क्लास, अंकल."

ती ही मैफल. पाच जण: टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बेस आणि ड्रम. एकच रचना, जवळजवळ चाळीस मिनिटं, तबकडीच्या दोन बाजूंवर तोडलेली. संथ सुरावटीने सुरू होते, प्रत्येक जण आपलं म्हणणं मांडतो आणि शेवटी सगळे मिळून त्याच सुरावटीवर परत येतात. परत येताना सॅक्सोफोनवाला एक सूर अर्ध्यात सोडून देतो, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतली कुणी मुलगी हसते. दोनदा, लहानसं. मग टाळ्या.

वादकांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की कुणीतरी म्हणणार, अहो, त्यांना तर आम्ही समोर बसून ऐकलंय.

एक रचना म्हणता म्हणता माझ्याकडे शंभरावर कॅसेट झाल्या, मग सीडी, आता फोनवर सगळंच मिळतं, पण ही मैफल मी त्या कॅसेटवरच ऐकत आलो. बँकेतून आल्यावर एक तास आणि रविवारी सकाळ, एवढा माझा वेळ. त्यातून माझी काही ठाम मतं तयार झाली आहेत, आणि ऐकणारा कुणी नसल्यामुळे ती फारच ठाम राहिली आहेत. स्टुडिओतली रेकॉर्डिंग मला लग्नाच्या अल्बमसारखी वाटतात, सगळे नीट ओळीत बसलेले आणि कुणाचेही डोळे मिटलेले नाहीत. खरं जॅझ क्लबातलं. कोपनहेगनच्या एका क्लबातले श्रोते इतके गप्प असतात की दुखवट्याला आल्यासारखं वाटतं. पॅरिसच्या एका तळघरात टाळ्या फार शहाण्यासारख्या वाजतात, मला तो क्लब आवडत नाही. शिकागोतल्या एका क्लबाचं छत इतकं खाली असावं की ड्रमचा आवाज वर जायच्या आतच परत येतो. बेसवाला म्हणजे नवरीचा मोठा भाऊ: फोटोत कुठे दिसत नाही, पण तो दोन मिनिटं बाहेर गेला की मांडवात गोंधळ होतो. ट्रम्पेटच्या तोंडाला झाकण लावून हळू वाजवणारे मला मोठ्याने वाजवणाऱ्यांपेक्षा धीट वाटतात. गाणाऱ्या बायका मी टाळतो, कारण शब्द आले की बायको अर्थ विचारते.

आणि या सगळ्याच्या वर माझा सिद्धांत. तो असा, की न्यूयॉर्कच्या त्या मैफलीत पाचही जण आपल्या ख्यालासारखे वागतात. विलंबितात सुरू करतात आणि लय इतकी बेमालूम चढवत नेतात की कळतही नाही. शेवटी तीच सुरावट येते, पण चांगली पळत येते. शिवाय पट्टीही चढते. वाद्यं तापली की सूर वर सरकतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते इथे चपखल बसलं. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी चौथी संध्याकाळ माझी असते. खंडेराव गेटजवळच्या हॉलमध्ये मी कॅसेट डेक घेऊन जातो आणि हा सिद्धांत सांगतो. दहा-बारा माणसं येतात. त्यातली सात आरतीसाठी लवकर आलेली असतात. तरी ती संध्याकाळ माझी. अख्ख्या झाशीत, आणि मला वाटायचं अख्ख्या नातेवाइकांत, या एका गोष्टीत माझा शब्द शेवटचा होता.

यंदा साडू गणपतीला आले. आठवडाभर आधी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. वयाने माझ्याहून लहान, मराठी समजतं पण बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

"भैया, इस बार चौथ्या दिवशी आपल्या भाईसाहबांना बोलवूया ना. उन्होंने तो असली क्लब देखे हैं. पब्लिक को मज़ा आएगा. साउंड आप सँभाल लेना."

मी म्हणालो, "हो, छानच." फोन ठेवून मी बायकोला सांगितलं.

"मग तुम्हाला चालेल ना?" तिने विचारलं.

"मला काय. मी साउंड सांभाळणार आहे."

"तुमचा चेहरा बघा आरशात," ती म्हणाली आणि मोदकांचं सारण परतायला गेली.

चौथ्या संध्याकाळी हॉलमध्ये पंच्याहत्तर माणसं होती. मी मोजली. प्रेम नगरातून रिक्षा करून लोक आले होते. माझ्या कार्यक्रमाला 'जरा गुडघा दुखतोय' म्हणणारे एक काका तर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी कोपऱ्यात ॲम्प्लिफायरपाशी. माझा डेक आणि ती कॅसेट मी सोबत नेली होती. का नेली, ते विचारू नका. गणपतीशेजारी चौरंगावर आरतीची पेटी होती आणि पेटीमागे माझी बायको, कारण मंडळाची आरती पेटीवर तीच धरते.

साडू छान बोलले. जिना किती अरुंद, दारावरचा माणूस कसा हसून बोलतो, टेबलं इतकी जवळ की शेजाऱ्याच्या ताटलीतलं आपण खाऊ. झोपल्याचंही सांगितलं. लोक खळखळून हसले. मला वाटलं, मी गेलो असतो तर पापणी मिटली नसती, आणि म्हणूनच मला सांगायला काही राहिलं नसतं. मग ते म्हणाले, "त्याच क्लबातली एक जुनी मैफल ऐकवतो. आमच्या यांच्यामुळेच मला ती कळली," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फोन मला दिला. मी वायर जोडली. सुरुवात वाजली. बरोबर होती. चाळीस मिनिटं कोण बसणार, म्हणून त्यांनी येऊन बोटाने सरकवत शेवट काढला.

शेवट चुकीचा होता. तीच सुरावट, पण सुरुवातीइतकीच संथ. कुठे पळणं नाही, चढणं नाही. सॅक्सोफोनवाल्याने सूर अर्ध्यात सोडला आणि पहिल्या रांगेत कुणीतरी प्रौढ बाई हसली. आमच्या मंडळात हळदीकुंकवाला हसतात तशी, भरदार.

"हे ते नाही," मी म्हणालो. माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्यांना म्हटल्यासारखं झालं.

"नाही?" साडूंनी विचारलं.

"ही नंतर काढलेली खराब प्रत असणार, भाईसाहब. मूळ मैफलीत लय चढते. तुम्ही झोपला होतात त्या क्लबात, तुम्हाला कसं कळणार."

हे वाक्य मी गमतीत म्हटलं असं मी पुढे तीन दिवस सांगत होतो. पंच्याहत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या सिद्धांताला आजवर एवढी गर्दी कधी जमली नव्हती. मी डेक जोडला आणि सुरुवात ऐकवली. मग शेवट काढायला कॅसेट पुढे पळवू लागलो. फोनवर हे काम एका बोटाचं, कॅसेटला मिनिटं लागतात. घर्र घर्र आवाज चालला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "भैया, प्रसाद बाँट दें तब तक?"

शेवटी तो शेवट वाजला, माझा. पळत, चमकत, वर चढलेला. ती मुलगी हसली. गुडघेवाल्या काकांनी मान डोलावली.

"वा," साडू म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "हे तर निराळंच आहे राव."

"तो सही कौन-सा है?" सेक्रेटरींनी विचारलं. "वहिनी, तुम्ही सांगा. आपको तो सुर की समझ है."

मी बायकोकडे अभिमानाने पाहिलं. ग्वाल्हेरची, लहानपणापासून पेटी शिकलेली. तिने भाता हळूच उघडला. "परत लावा," म्हणाली. मी दोन्हींच्या सुरुवाती लावल्या. तिचं बोट पांढरी एकवर टेकलं आणि तिथेच राहिलं. साडूंचा शेवट लावला. बोट हललं नाही. मग माझा शेवट. बोट पांढरी एकवरून उठलं, काळी एकवर गेलं, थांबलं, पांढरी दोनवर गेलं, आणि मग परत येऊन दोन्हींच्या मधे नुसतंच अधांतरी राहिलं. तिथे वाजवायला पट्टीच नव्हती.

हे बाकी कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, कारण मी त्याच बोटाकडे बघत होतो.

तिने भाता मिटला. "दोन्ही छान आहेत," ती म्हणाली. "आरतीला उशीर होतोय. निरांजन कुणी लावलंय का?"

घरी आल्यावर साडू आणि मेहुणी आतल्या खोलीत आवराआवर करत होते. मी बायकोमागे स्वयंपाकघरात गेलो.

"वाद्यं तापली की सूर चढतो," मी म्हणालो. "वाचलंय मी."

"पियानोसुद्धा तापतो?"

एवढ्या वर्षांत पियानो माझ्या डोक्यातच आला नव्हता. पितळ तापेल, पियानोच्या तारा काय म्हणून तापतील, आणि तापल्या तरी उतरतील.

"टेप करताना रेकॉर्डर कशावर चालवला होता तुम्ही?"

"सेलवर."

"नवे होते?"

मला गच्ची दिसली. कुरडया दिसल्या. चार सेल ओळीने दिसले. चाळीस मिनिटांत ते हळूहळू मरत गेले असणार. टेप अधिकाधिक हळू फिरत गेली असणार, थोड्या फितीत जास्त सूर मावले असणार, आणि मग घरी चांगल्या डेकवर लावल्यावर तोच भाग पळू लागला असणार. म्हणजे विलंबित ते द्रुत हे पाच थोर वादकांचं काम नव्हतं. ते झाशीच्या उन्हात वाळवलेल्या चार सेलांचं होतं, आणि त्यांच्यावर मी मंडळात अठरा वेळा बोललो होतो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी कळलं. आपल्याकडे गाता गाता कुणाची पट्टी अशी सरकली तर पेटीच्या बाई कान धरत आमच्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला अख्खी बाजू परत ऐकवली असती," ती म्हणाली. "आणि तेव्हा मी नवीन होते घरात. हातातलं पातेलं द्या ते."

तिसऱ्या दिवशी साडू निघाले. स्टेशनवर गाडीला वेळ होता. बायका दोघी बाकावर बसून डबे पुन्हा एकदा मोजत होत्या. साडू म्हणाले, "राव, एक काम करा माझं. तुमची ती चढणारी मैफल मला कॉपी करून पाठवा. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये. माझ्या फोनवरची आता मेल्यासारखी वाटते."

खोटं बोलायला ती उत्तम जागा होती. थोड्या वेळाने गाडी येणार होती आणि सात समुद्र मधे पडणार होते. पण भर सभेत झोपेवरून बोललो होतो, ते अजून फेडायचं होतं. मी सगळं सांगून टाकलं: प्लग, सेल, कुरडया, पियानो. आता हसतील, तिकडे जाऊन मित्रांना सांगतील, असं धरूनच सांगितलं.

ते हसले नाहीत. "म्हणजे जगात ती अशी एकच?"

"एकच."

"मग तर हवीच मला."

आणि गंमत बघा, जी कॅसेट तीन दिवस मला कचऱ्यात टाकावीशी वाटत होती, ती त्या क्षणी मला कुणालाही द्यावीशी वाटेना. क्लब त्यांनी पाहिला. खरी मैफल त्यांच्या फोनवर आहे. माझी चूकही आता त्यांना हवी. मी म्हणालो, "बघू, डेक जरा दुरुस्तीला द्यायचाय." डेकला काहीही झालेलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा मेसेज येतो, "कॉपी?" आणि मी उत्तर देतो, "करतोय." आता मी दोन्ही ऐकतो, आधी त्यांची, मग माझी. त्यांच्या प्रतीतला सॅक्सोफोनवाला घाईत नसलेला, पोक्त गृहस्थ आहे आणि तो जास्त चांगला वाजवतो, हे मला कबूल करावं लागतं. माझा सिद्धांत गेला. पुढच्या वर्षी चौथ्या संध्याकाळी मी सेलांवर बोलणार आहे असं सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "भैया, ये बढ़िया है, लोक येतील."

राहता राहिली ती हसणारी. परवा रविवारी बायको दारात उभी राहून माझा शेवट ऐकत होती. मुलगी हसली.

"देऊन टाका ना त्यांना," बायको म्हणाली. "कशाला एवढं धरून बसलात?"

"देणारच आहे. फक्त शेवटचं मिनिट सोडून."

"का?"

मी टेप थोडी मागे घेतली. बायकोने थोडा वेळ डेककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती बाई आहे," ती म्हणाली. "आपल्या मंडळातल्या काकूंएवढी. सेल उतरले म्हणून मुलगी झाली."

"माहीत आहे मला."

"जिजाजींच्या फोनवर आहेच की ती."

"त्यांच्याकडे बाई आहे," मी म्हणालो, आणि कॅसेट काढून फडताळात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली ठेवायला मात्र बायकोकडेच दिली.